मावशी येणार म्हणून

मावशी जानेवारीत आमच्याकडे मोरोक्कोत, कासाब्लांकाला यायची ठरली आणि बायकोने पाहुण्यांची खोली इथल्या मूळच्या बर्बर लोकांच्या कारागिरीने सजवायचा घाट घातला. मी म्हटलं, "मिरजेहून येणाऱ्या बाईला पलंग, पांघरूण आणि सकाळी चहा मिळाला की झालं." माझं मत आमच्या घरात ऐकून घेतात. पुढे त्याचं काही होत नाही.

शनिवारी माराकेश गाठलं. तिथल्या जुन्या शहरात, रहबा कदीमा चौकाला लागून गालिच्यांचा बाजार आहे. आम्ही दिसताच "इंडिया! शाहरुख खान!" असा पुकारा झाला. एका दुकानदाराने पुदिन्याचा चहा हातभर उंचीवरून पेल्यात सोडला. तो पेला घेतला की गिऱ्हाईक कामातून गेलं. आपण चहाला जागून बसून राहतो आणि दोन पोरं समोर गालिच्यावर गालिचा उलगडत जातात. हा अझिलालचा, रंगीबेरंगी. हा ताझनाख्तचा. हा बूशेरविट, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा. आणि मग, आवाज एकदम खाली आणून, बेनी उराईन! मधल्या ॲटलस डोंगरांतल्या टोळ्यांचा. न रंगवलेली सायरंगी लोकर, तिच्यावर काळ्या-तपकिरी रेघांच्या शंकरपाळ्या. अमाझिघ, म्हणजे बर्बर, बायका उभ्या मागावर एकेक गाठ मारून तो विणतात.

लोकर अस्सल आहे हे दाखवायला त्याने एक धागा उपटून लायटरने जाळला. केस जळल्याचा वास आला, बायको प्रसन्न झाली. शेजारच्या 'निवडुंगाच्या रेशमा'च्या उशांना मात्र त्याने लायटर दाखवला नाही. ते रेशीम बहुतेक वेळा व्हिस्कोज असतं.

सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात करायची, असं ऑफिसातल्यांनी पढवून पाठवलं होतं. मी निम्मा आकडा उच्चारला. त्याने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. म्हणाला, "डोंगरातली माणसं थंडीत हाच अंथरतात, हाच पांघरतात. तुम्ही नुसते जमिनीवर टाकता, आणि वर भाव करता!" तेवढ्यात बायको मराठीत पुटपुटली, "राहू दे ना रे, बिचारा!" त्याला मराठी येत नव्हतं, पण सूर बरोबर कळला. त्यानंतर तो एक दिरहॅमही खाली उतरला नाही.

मग हंदिरा घेतली. ही लग्नात नवरीच्या खांद्यावर घालायची लोकरी शाल, अंगभर ओळीने शिवलेल्या चकचकीत टिकल्या. तामग्रूत गावचे हिरवे मातीचे वाडगे घेतले. त्यांत दोन एकसारखे सापडत नाहीत. आमचा एक तर कायम कलंडलेला असतो, पण त्यातच म्हणे त्याचं सौंदर्य. शिवाय चामड्याचा पूफ, म्हणजे बसायचा गोल गादीवजा तक्क्या. हा रिकामाच मिळतो, पोट आपण भरायचं. घरी आल्यावर बायकोने तो भरला आणि माझे स्वेटर दिसेनासे झाले.

खोली झाली मात्र देखणी. गालिच्यावर पाय द्यायचा नाही, पूफवर बसायचं नाही, हंदिरा चुरगाळायची नाही. एवढं सांभाळलं की पाहुण्याने अगदी मोकळेपणाने राहायचं.

मावशी आली. कासाब्लांकाची जानेवारीतली थंडी समुद्रावरून येते, दमट असते, आणि आमच्या घरात हीटर नाही. रात्री मावशीने हंदिरा अंगावर ओढली आणि लगेच बाहेर फेकली. "अगं, हे पांघरूण आहे की बाशिंग? टोचतंय किती!"

सकाळी बायको चहा घेऊन गेली आणि किंचाळली. पलंग रिकामा. हंदिरा घडी घालून खुर्चीवर. जमिनीवर गालिचा अर्धा खाली, अर्धा वर, आणि त्यातून मावशीचं फक्त नाक बाहेर.

"जरा मेंढराचा वास येतो," नाकाखालून आवाज आला, "पण ऊब आहे हो!"

मला तो दुकानदार आठवला. बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही.

मावशी उठून पूफवर बसली. बसल्या बसल्या तिचं लक्ष चेनमधून बाहेर आलेल्या लोकरीच्या टोकाकडे गेलं. तिने ते ओढलं. आधी बाही आली, मग गळा, मग अख्खा निळा स्वेटर.

"अरे," मावशी चष्मा लावत म्हणाली, "हा मी विणलेला ना?"

"चहा निवला वाटतं, दुसरा टाकते," म्हणत बायको वाफाळता कप घेऊन स्वयंपाकघराकडे पळाली.