होतकरू विजेत्यांनो, बाटली हलवण्यापूर्वी

गेल्या शनिवारी आमच्या कंपनीने 'टीम बिल्डिंग'च्या नावाखाली आम्हा सगळ्यांना पुण्याबाहेरच्या एका गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर नेलं. बाकीच्यांना कार्ट चालवायला आणि मला सगळ्यांच्या पर्सा, मोबाइल आणि डबे सांभाळायला. कंबरेच्या दुखण्यामुळे मी हेल्मेट घातलं नाही. आता वाटतं, नुसतंच घालून बसायला हवं होतं. त्याला पुढून काच असते.

आठ फेऱ्या झाल्या. एकूण पाच कार्ट, त्यातली एक तिसऱ्या फेरीत बंद पडली आणि एक टायरांच्या भिंतीत शिरली. उरलेल्या तिघांत आमचे साहेब तिसरे आले. मग १, २, ३ असे आकडे रंगवलेल्या लाकडी खोक्यांवर मंडळी चढली आणि साहेबांनी डिकीतून बाटली मागवली. सोनेरी कागद, जाड बूच, वर तारेची जाळी. आत सफरचंदाचा फसफसणारा रस, कारण कंपनीच्या खर्चात दारू बसत नाही. मे महिना, दुपारचे दोन, बाटली सकाळपासून डिकीत. पुढचं मला दिसलं नाही. चष्म्यावरून सफरचंद ओघळत होतं.

तर मंडळी, जिंकल्यावर बाटली हलवून समोरच्यांना भिजवायची ही प्रथा आता लग्नाच्या हॉलपासून सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटपर्यंत पोचलीच आहे, तर निदान ती शास्त्रोक्त पाळली जावी, एवढ्या तळमळीने हे लिहितेय. अधिकार विचाराल तर फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती मी केबलच्या काळापासून बघते. युरोपातली शर्यत असली की रविवारी संध्याकाळी (पूर्वी साडेपाच, हल्ली साडेसहा) आमच्याकडे चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा असतो.

नियम पहिला. जिंकायची गरज नाही. जुने लोक उगाच या भानगडीत पडायचे. १९६७ साली फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीत डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट या दोघांनी फोर्ड गाडी २४ तास आलटून पालटून हाणली. ३८८ फेऱ्या, ५,२०० किलोमीटरच्या वर. हे दोघे एकमेकांशी चुरस करून गाडीचा खुळखुळा करणार, असं भाकीत कितीतरी पत्रकारांनी आधीच करून ठेवलं होतं. जिंकल्यावर गर्नीच्या हातात शॅम्पेनची मोठी बाटली आली. त्याने खाली बघितलं तर कंपनीचे मालक हेन्री फोर्ड दुसरे, टीमचे प्रमुख कॅरल शेल्बी, त्यांच्या बायका आणि तेच भाकीतवाले पत्रकार, सगळे सुटाबुटात आयते उभे. गर्नीने बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवला, बाटली घुसळली आणि सगळ्यांना न्हाऊ घातलं. पोडियमवरचा, म्हणजे विजेत्यांच्या चौथऱ्यावरचा, जाणूनबुजून उडवलेला पहिला फवारा तो हाच, असं मानतात. एवढ्याशा गमतीसाठी २४ तास! आपल्याकडे आठ फेऱ्यांत, तीनपैकी तिसरं येऊनही काम होतं.

नियम दुसरा. बाटली तापू द्या. यालाही परंपरा आहे. गर्नीच्या आदल्याच वर्षी, १९६६ला, त्याच ल मांसला पोर्शच्या जो सिफर्टने त्याचा गट जिंकला होता. त्याची बाटली उन्हात तापली, बूच आपोआप उडालं आणि लोक भिजले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. शॅम्पेनच्या बाटलीत आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणजे आपल्या गाडीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त, आणि तापली की तो आणखी वाढतो. म्हणून ती गार करायची, वर फडकं धरायचं, बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची, असली कटकट जाणकार करतात. तुम्ही करू नका. डिकी आहे, मे आहे, आणखी काय हवं?

बूच कुठे जाईल याचीही चिंता नको. २०२२च्या जिरो द'इटालियात, म्हणजे सायकलींच्या शर्यतीत (मोटरवाल्यांची खोड तिथेही लागलीय), बिनियम गिरमे हा एरिट्रियाचा पोरगा एक टप्पा जिंकला. तिथे टप्पा जिंकणारा तो आफ्रिकेतला पहिला कृष्णवर्णीय. पोडियमवर त्याने बाटली जमिनीवर ठेवली, वाकून उघडायला गेला आणि बूच थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर. पोडियमवरून हॉस्पिटल, आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर. डोंगर चढून आलेल्याची ही गत. पण तुमचा डोळा कशाला जाईल? तुम्ही बाटली समोरच्याकडे धरणार.

नियम तिसरा. बाटलीत काय आहे ते कोणाला विचारू देऊ नका.

म्हणजे विचारलंच, तर सांगायला माझ्याकडे आहे. १९५०ची फ्रेंच ग्रां प्री रेंस गावाजवळ झाली. रेंस म्हणजे शॅम्पेनचं माहेरच. तिथे फांगिओ हा ड्रायव्हर जिंकला आणि त्याला मोए या शॅम्पेन कंपनीची बाटली मिळाली. आपल्या खेडच्या गाड्यावाल्याला नारायणगावात द्राक्षांची पेटी द्यावी, इतकं ते साधं होतं. पुढे मात्र 'अधिकृत बाटली' हे पदच तयार झालं. फॉर्म्युला वनला किती वर्षं मोए, मग 'मम' नावाची दुसरी शॅम्पेन. २०२१पासून चार हंगाम फेरारी. ही फेरारी गाडीवाली नव्हे बरं का, इटलीतल्या ट्रेंटोची वाईनवाली, नावापुरती जुळी. पण शॅम्पेन म्हणायचं ते फक्त शॅम्पेन प्रांतातल्या दारूलाच. म्हणजे ही चार वर्षं पोडियमवर शॅम्पेन नव्हतीच, आणि कॉमेंट्रीत आपण 'शॅम्पेन' ऐकतच होतो. २०२५पासून पुन्हा मोए. बहरीनला तर गुलाबपाण्याच्या जातीचं बिनदारूचं पेय उडवतात आणि ड्रायव्हर तेही तितक्याच आनंदाने उडवतात. तेव्हा सफरचंदाच्या रसाला मी नावं ठेवणार नाही. चिकटपणाला ठेवीन. खऱ्या ब्रूट, म्हणजे कमी गोड, शॅम्पेनमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी साखर असते. सफरचंदाच्या रसात किती असते ते माझ्या पर्सेतल्या मुंग्यांना विचारा.

नियम चौथा. बुटात शॅम्पेन ओतून पिणं ड्रायव्हर रिकार्डोवर सोडा. पोडियमवर तो तेच करायचा.

नियम पाचवा. बाटली आपटून फेस काढायचा असेल तर शेजारचा चषक आधी बाजूला करा. २०२३ला बुडापेस्टच्या शर्यतीनंतर लँडो नॉरिसने बाटली आपटली आणि शेजारी ठेवलेला विजेत्या वेरस्टॅपनचा चषक खाली पडून फुटला. हाताने घडवलेलं, हाताने रंगवलेलं, हंगेरीतल्या हेरेंडचं पोर्सिलेन (चिनी माती) होतं ते. आमच्या ट्रॅकवरचा चषक प्लॅस्टिकचा होता, तो कशालाही टिकेल.

नियम सहावा, आणि हाच खरा. भिजवायचं कोणाला?

इथे चुकू नका. माणूस पारखून निवडायचा. त्याच्या हातात काहीतरी असावं, म्हणजे त्याला तोंड झाकता येणार नाही. माझ्या दोन्ही हातांत तुमच्याच पर्सा होत्या. तो पगाराने आणि हुद्द्याने खालचा असावा, म्हणजे ओरडणार नाही. वयाने मोठा असला तर उत्तम, म्हणजे 'अरे, ताईपण एन्जॉय करतायत' असं म्हणता येतं. आणि भिजल्यावर त्याने कपाळाला आठी घातलीच, तर एक मंत्र आहे, तो तोंडपाठ करून ठेवा. 'मॅडम, स्पोर्टिंगली घ्या.' हा मंत्र परवा मला सहा जणांनी म्हणून दाखवला. सहापैकी एकाने तर माझ्याच हातातून त्याचा टॉवेल घेतला, स्वतःचे हात पुसले आणि तोच माझ्याकडे परत दिला, सांभाळायला.

शांघायला २०१५ साली शर्यत जिंकल्यावर लुईस हॅमिल्टनने पोडियमशेजारी उभ्या असलेल्या तिथल्या एका मुलीच्या तोंडावर फवारा मारला. ती आपली डोळे मिटून, सरळ उभी. तिचं कामच उभं राहण्याचं होतं, पळणार कुठे? तो फोटो जगभर फिरला, त्याच्यावर टीका झाली, आणि मीही तेव्हा सोफ्यावर बसून म्हटलं होतं की काय हे, गंमत आहे ती, एवढं काय मनावर घ्यायचं. हो, म्हटलं होतं मी. शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ते शब्द मी परत घेतले.

गर्नीने कोणाला भिजवलं ते परत एकदा वाचा बरं. मालकाला! ज्याच्या पैशावर गाडी धावली, जो एका शब्दात त्याला घरी बसवू शकला असता, त्याला भिजवलं. रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाने सुटातल्या माणसाला भिजवलं, म्हणून तर ती गंमत झाली. तुम्ही तीच गोष्ट उलटी करून ठेवलीत. सुटातला माणूस बाटली हलवणार आणि डबे सांभाळणारी बाई भिजणार. याला पोडियम म्हणत नाहीत. शाळेत याला वेगळा शब्द होता.

नियम सातवा की आठवा, जो असेल तो. नंतर तिथून लगेच निघायचं. फोटो झाले, इन्स्टावर चढवले, गाडीत बसायचं.

मी थांबले, कारण चष्मा धुवायचा होता. नळाला पाणी नव्हतं. खोक्यांसमोर हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा गालिचा होता, त्याच्या पात्यापात्यात तो रस गेलेला आणि उन्हाने त्याचा पाक होत आलेला. ट्रॅकवर झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. बादलीत तळाला चार बोटं पाणी. माझ्याकडे बघून त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी पदराच्या टोकाने माझा चष्मा पुसायला घेतला. 'टँकर आला नाय आज,' म्हणाल्या. मग गुडघ्यावर बसून तो गालिचा फडक्याने टिपायला लागल्या. गवताला फडकं चिकटायचं, सुटताना चर्र आवाज व्हायचा. 'रोज असतंय का हे?' विचारलं तर म्हणाल्या, 'शनवार-रयवार. एका दिवशी तीन-तीन बॅचा.' माझ्या चष्म्याची एक काडी तोवर हातात आली होती.

आता जरा सरळच बोलते, कारण उपरोध करायचा कंटाळा आला.

ज्यांना ही बाटली मिळते ना, त्यांना ती कधी उघडायची नाही तेही कळतं. १९९४ला इमोलाच्या शर्यतीत, ड्रायव्हर आयर्टन सेनाच्या जीवघेण्या अपघाताच्या दिवशी, पोडियमवर शॅम्पेन उडाली नाही. २०१४ला सुझुकाच्या शर्यतीत ज्यूल बियांकी या ड्रायव्हरचा अपघात झाला, तेव्हाही नाही. तीन तरुण पोरं, दीड-दोन तास जीव मुठीत धरून गाडी चालवून आलेली, बाटल्या समोर, आणि कोणी हात लावला नाही. त्यांना समोरचं जग दिसत होतं. तुम्हाला तीन फुटांवरची बाई दिसली नाही.

आणि दिसली नाही असंही नाही. दिसली, म्हणूनच नेम धरलात. साहेब, तुम्ही आधी डावीकडच्या क्लायंटच्या माणसाकडे बाटली वळवली होतीत, मी पाहिलं. त्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता. तुम्ही थांबलात, विचार केलात आणि बाटली उजवीकडे फिरवलीत. एवढा विचार करता येतो तर मग 'उत्साहाच्या भरात झालं' असं ग्रुपवर काय लिहिता? आणि त्याखाली अंगठे देणाऱ्या बावीस जणांनो, तुमचे मोबाइल कोरडे राहिले ते कोणाच्या पर्सेत होते? लाजा वाटू द्या जरा. निदान त्या मावशींना गालिचा उचलायला एकाने तरी हात लावायचा होता. दोन बायकांनी उचलला तो, त्यातल्या एकीची कंबर गेलेली आहे.

चष्म्याच्या नव्या फ्रेमचं बिल तीन हजार दोनशे रुपये झालंय. सोमवारी सकाळीच एचआरला मेल केलाय, साहेबांना सीसीमध्ये ठेवून. विषयाच्या रकान्यात 'स्पोर्टिंगली घ्यावे' असंच लिहिलंय.