पासवर्डची चौकट आणि कॅशेवर आलेला आळ

स्क्विड हा वापरकर्ते आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून विनंत्या पुढे नेणारा आणि पाने साठवून ठेवणारा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर आहे. तो सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: वापरकर्त्यांना पासवर्डची चौकट वारंवार दिसू लागली की कॅशे, म्हणजे साठवलेल्या पानांचा साठा, बिघडला असे समजावे आणि तो पुसून नव्याने तयार करावा. फरक पडला नाही तर 'क्रेडेन्शियल्स टीटीएल', म्हणजे एकदा तपासलेली ओळख ग्राह्य धरण्याची मुदत, चोवीस तासांवर न्यावी. दोष ऑथेंटिकेशनचा (ओळख तपासण्याचा) की नेटवर्कचा हे कळावे म्हणून 'अलाउ ऑल' ही ओळ नियमांच्या अगदी वर टाकून पाहावी. प्रत्येक बदलानंतर सेवा रीस्टार्ट करावी. एवढ्यानेही भागले नाही तर प्रॉक्सी ट्रान्सपरंट (ब्राउझरला न कळवता विनंत्या वाटेत अडवणारा) करावा, म्हणजे कोणाच्या ब्राउझरला हात लावायला नको आणि ओळखही तपासली जाईल. रीस्टार्टच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. बाकीच्या पायऱ्या ज्या कारणासाठी सांगितल्या जातात त्यासाठी निरुपयोगी आहेत, आणि त्यांतील दोन तर अपायकारक आहेत.

कॅशेपासून सुरुवात करू. प्रॉक्सीच्या पासवर्डची चौकट ब्राउझर दाखवतो, आणि प्रॉक्सीकडून ४०७ या क्रमांकाचे उत्तर आले तरच दाखवतो. हे उत्तर स्क्विड स्वतः तयार करतो. ते कॅशेत साठवले जात नाही आणि कॅशेतून दिलेही जात नाही. शिवाय विनंती आली की स्क्विड आधी 'एचटीटीपी ॲक्सेस'चे (कोणाला परवानगी द्यायची ते ठरवणारे) नियम तपासतो आणि त्यानंतरच मागितलेले पान साठ्यात आहे का ते पाहतो. पान साठ्यात असले तरी नियमांतून सुटका नाही. मग कॅशे पुसल्यावर तक्रार थांबल्याचा अनुभव अनेकांना का येतो? कॅशे पुसायचा तर स्क्विड बंद करावा लागतो, फोल्डर रिकामे करून साठ्याची रचना नव्याने बनवणारे 'स्क्विड -झेड' चालवावे लागते आणि सेवा पुन्हा सुरू करावी लागते. त्या सुरुवातीबरोबर ओळख तपासणारे हेल्पर (स्क्विडचे साहाय्यक प्रोग्राम) नव्याने उभे राहतात. अडकलेला हेल्पर सुटतो आणि श्रेय मात्र कॅशे पुसण्याला मिळते. साठलेली पाने गेल्यामुळे पुढे वाढणारा बँडविड्थचा खर्च कोणी या खात्यावर मांडत नाही.

या गैरसमजाचे एक मूळ नावांच्या साम्यात असावे. मूळ संकेतस्थळ ओळख मागते तेव्हा उत्तर ४०१ येते आणि ब्राउझर 'ऑथरायझेशन' हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवतो. प्रॉक्सी मागतो तेव्हा उत्तर ४०७ येते आणि हेडर 'प्रॉक्सी ऑथरायझेशन' असतो. सामायिक कॅशेने काय साठवू नये याचे बंधन पहिल्या हेडरशी निगडित आहे, दुसऱ्याशी नाही. त्यामुळे कोणतीही तक्रार आली की आधी ॲक्सेस लॉगमध्ये (प्रॉक्सीकडील विनंत्यांच्या नोंदींत) ४०१ आहे की ४०७ हे पाहावे. ४०१ असेल तर ती मागणी संकेतस्थळाची आहे आणि प्रॉक्सीच्या नियमांत तिचे उत्तर सापडणार नाही.

लॉगमध्ये ४०७ दिसले म्हणजे बिघाड झालाच, असेही नाही. ब्राउझर पहिली विनंती ओळखीशिवाय पाठवतो, तिला ४०७ मिळते, आणि मग तीच विनंती ओळखीसह पुन्हा येते. विंडोजच्या एनटीएलएम या ओळखपद्धतीत तर अशी दोन नकारार्थी उत्तरे ठरलेलीच असतात. काळजी करायची ती ४०७ च्या पाठोपाठ वापरकर्त्याचे नाव असलेली यशस्वी ओळ येत नसेल तेव्हा. स्क्विडच्या मूळ लॉगरचनेत हे नाव आठव्या रकान्यात असते. तिथे केवळ आडवी रेघ असेल तर त्या विनंतीला ओळख जोडली गेलेली नाही.

टीटीएलचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. बेसिक या साध्या ओळखपद्धतीत ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत नाव आणि पासवर्ड पाठवतच असतो. टीटीएल एवढेच ठरवते की हेल्परने एकदा खरी ठरवलेली जोडी स्क्विडने किती काळ पुन्हा न विचारता मानावी. मूळ मूल्य दोन तास आहे. मुदत संपली की स्क्विड हेल्परला विचारतो, वापरकर्त्याला नाही. म्हणजे मुदत वाढवून चौकट कमी होत नाही, पण ज्याचे खाते पासवर्ड फाइलमधून काढून टाकले आहे त्याला मात्र जुन्या पासवर्डवर जवळजवळ दिवसभर आत राहता येते.

'अलाउ ऑल' वर टाकण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्यातून काही सिद्धही होत नाही. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ अंतिम मानतो. सर्वांना परवानगी देणारी ओळ वर असली की खालची ऑथेंटिकेशनची ओळ कधी वाचलीच जात नाही. चौकट थांबते ती दोष सापडल्यामुळे नव्हे, प्रश्न विचारणेच बंद झाल्यामुळे. अशी चाचणीची ओळ नंतर तशीच राहून जाते, आणि तो प्रॉक्सी बाहेरून पोहोचता येण्याजोगा असेल तर कोणीही त्याच्या आडून वाट्टेल ते करू शकतो. याच कारणाने उलटी तक्रारही येते: पासवर्ड विचारलाच जात नाही. तिथे बहुधा स्थानिक नेटवर्कला परवानगी देणारी ओळ ऑथेंटिकेशनच्या ओळीच्या वर बसलेली असते.

वारंवार येणाऱ्या चौकटीचे एक खरे कारण या सल्ल्याच्या गावीही नाही, म्हणून ते जवळून पाहू. समजा, 'बंद' या नावाने काही संकेतस्थळांची यादी केली आहे आणि 'व्यवस्थापक' या नावाने 'प्रॉक्सी ऑथ' प्रकारची वापरकर्त्यांची यादी आहे. नियम असा लिहिला: डिनाय बंद !व्यवस्थापक, म्हणजे जो व्यवस्थापक नाही त्याला बंद यादीतील स्थळे नाकारावीत. एका साध्या कर्मचाऱ्याने अचूक पासवर्ड दिला आहे, त्याची बाकीची सर्व पाने उघडतात, पण बंद यादीतील स्थळ उघडताच चौकट येते. तोच पासवर्ड पुन्हा दिला की पुन्हा येते. पासवर्ड चुकलेला नाही. नाकारणाऱ्या ओळीतील शेवटची अट ओळखीशी संबंधित असली की स्क्विड असे धरतो की या माणसाकडे दुसरे, अधिक अधिकाराचे खाते असू शकेल, आणि ४०३ (साधा नकार) ऐवजी ४०७ पाठवतो. त्याच ओळीच्या शेवटी 'ऑल' जोडले, म्हणजे डिनाय बंद !व्यवस्थापक ऑल असे लिहिले, की शेवटची अट ओळखीची राहत नाही आणि साधे नकाराचे पान दिसते. एका शब्दाचा हा फरक माहीत नसल्याने लोक पासवर्ड बदलत बसतात.

नियम बरोबर असतील तर पुढची तपासणी हेल्परची. पासवर्ड फाइल वापरणारा 'बेसिक एनसीएसए ऑथ' हा हेल्पर फाइलचा मार्ग देऊन थेट टर्मिनलवर चालवता येतो. नाव, एक जागा, पासवर्ड असे टाइप केले की तो 'ओके' किंवा 'ईआरआर' म्हणतो. मात्र ही चाचणी रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून न करता स्क्विड ज्या खात्याखाली चालतो त्याच खात्याने करावी, नाहीतर फाइल वाचण्याची परवानगी नसल्याचा दोष झाकला जातो. जुन्या क्रिप्ट पद्धतीत पासवर्डची आठच अक्षरे चालतात आणि त्याहून लांब पासवर्ड हा हेल्पर नाकारतो, हेही इथे ध्यानात ठेवावे. करबेरॉस ही तिकिटांवर चालणारी ओळखपद्धत असेल तर आधी घड्याळे जुळवावीत, कारण साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तसेच ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा आयपी पत्ता न देता पूर्ण नाव द्यावे, कारण तिकीट त्या नावासाठी मिळते.

आता रीस्टार्टचे अर्धे सत्य. पासवर्ड फाइलमध्ये नवा वापरकर्ता जोडला तर काहीच करावे लागत नाही. फाइल बदलल्याचे हेल्परला स्वतःच कळते. नियम बदलले तर 'स्क्विड -के पार्स'ने फाइल तपासून 'स्क्विड -के रीकॉन्फिगर' पुरते. पूर्ण रीस्टार्ट लागतो तो एखादी ऑथेंटिकेशन पद्धत कायमची काढून टाकायची असेल तेव्हा, कारण एकदा सुरू झालेली पद्धत चालू स्क्विडमधून हटत नाही.

राहिला ट्रान्सपरंट प्रॉक्सी. त्यात ब्राउझरला प्रॉक्सी असल्याचे ठाऊकच नसते. आपण मूळ संकेतस्थळाशी बोलत आहोत अशी त्याची समजूत असते. त्याला ४०७ मिळाले तरी तो प्रॉक्सीचा पासवर्ड देत नाही, आणि देऊही नये, कारण मग कोणतेही संकेतस्थळ ४०७ पाठवून तो पासवर्ड मिळवू शकले असते. स्क्विडही अशा अडवलेल्या विनंत्यांवर ऑथेंटिकेशन लागू होत नाही असेच लॉगमध्ये नोंदवतो. ब्राउझरला हात न लावणे हाच हेतू असेल तर स्वयंचलित पॅक फाइलने (कोणता प्रॉक्सी वापरायचा ते ब्राउझरला सांगणारी फाइल) प्रॉक्सीचा पत्ता कळवता येतो. ज्या उपकरणांना तो कळवणे शक्य नाही त्यांच्यासाठी ३१२८ या स्क्विडच्या नेहमीच्या पोर्टव्यतिरिक्त वेगळा इंटरसेप्ट (अडवलेल्या विनंत्यांसाठीचा) पोर्ट ठेवावा, त्या पोर्टसाठी आयपी पत्त्यावर आधारित नियम वरच लिहावेत, आणि ओळख मागणारी ओळ त्यांच्याखाली येऊ द्यावी.