कंपन्यांनी तुमचा शोध लायसन्सवर घ्यावा म्हणून काय करावं (अनुभवी माणसाचे सल्ले)

माझ्या शोधाचं सॅम्पल एका कंपनीला पाठवलं होतं, तिचा परवा मेल आला. 'आपलं सॅम्पल आमच्याकडे सापडत नाहीये, कृपया पुन्हा पाठवावं. ज्यांच्याकडे ते होतं ते आता इथे काम करत नाहीत, त्यामुळे फॉर्मही नव्याने भरावा.' ११ महिन्यांनी हे उत्तर! तोवर मी दर पंधरा दिवसांनी 'आपण बिझी असाल याची कल्पना आहे' असं साखर पेरून मेल टाकत होतो. तर आता या विषयावर बोलायचा अधिकार मला आलाय असं मी धरून चालतो.

पहिली गोष्ट, असं काही आधी कुणी केलंय का हे अजिबात शोधू नका. उगाच मूड जातो.

दुसरं, सुचल्याबरोबर सगळ्यांना सांगा. व्हिडिओ टाका, प्रदर्शनात स्टॉल लावा, दिसेल त्याच्या हातात मॉडेल द्या. पेटंटचा अर्ज काय, नंतर करता येतो. युरोपात अर्जाआधी जगजाहीर झालेली गोष्ट नवी धरत नाहीत, म्हणजे तुमच्याच व्हिडिओने तुमचा निकाल लागतो, पण लाइक्स तर मिळतात ना. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे म्हणे, त्या भरवशावर राहणारे खूप भेटलेत मला.

तिसरं, तुमच्या वस्तूसाठी कंपनीने अख्खी फॅक्टरी बदलावी अशीच वस्तू बनवा. माझं एक झाकण आहे, बाटली तिरकी केली की मोजून तेवढंच द्रव बाहेर येतं, स्प्रिंग नाही, तीनच भाग. पहिलं मॉडेल मी ३१ मिलिमीटरचं केलं कारण मला ते हातात छान वाटत होतं. समोरच्या कंपनीच्या बाटल्यांची तोंडं २८ची. मला वाटलेलं विचारतील, हे सुचलं कसं हो तुम्हाला? त्यांनी विचारलं, आमच्या कुठल्या मशीनवर चालेल आणि एका नगाला किती पडेल. मी सुचलं कसं तेच सांगत बसलो. नंतर २८चं केलं, मोल्डवाल्याकडून नगाचा हिशोब आणला, तेव्हा कुठे 'सॅम्पल पाठवा' हे दोन शब्द ऐकायला मिळाले. (हेच ते सॅम्पल.)

चौथं, कुणीतरी तुम्हाला ब्रिटिश संशोधक डायसनने व्हॅक्युम क्लीनरसाठी ५,१२७ मॉडेल्स केली ते ऐकवेलच. हसून मान हलवा.

पाचवं, फॉर्म. तुमची वस्तू बघायच्या आधी कंपनी भरून घेते तो हा फॉर्म मन लावून भरा, कारण त्यात लिहिलेलं असतं की तुम्ही पाठवलेलं काहीही आम्ही गोपनीय धरणार नाही, आमच्यावर कसलीही जबाबदारी नाही, तुमचा हक्क असेल तो फक्त पेटंटमधून मिळेल तेवढाच. गुप्ततेच्या करारावर सही कराल का विचारलं तर समोरचा असा बघतो जसं काही तुम्ही त्याची किडनी मागितली. बरं कारण कळतं मला, त्यांच्या लॅबमध्ये आधीच तसलं काही चालू असेल आणि उद्या कुणी उपटसुंभ येऊन 'माझं चोरलं' म्हणाला तर कोर्टात कोण जाणार, ठीक आहे, मान्य. पण मग ज्याने आधी अर्ज केला, फी भरली, पेटंटचा नंबर घेऊन तुमच्या दारात आला त्याचं तरी वेळेत बघा ना! पहिला अर्ज केला की तीच तारीख धरून बाहेरच्या देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात. पीसीटीतून (अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) गेलात तर पुढे देशोदेशीचा खर्च ३० महिन्यांपर्यंत ढकलता येतो, पण तो पीसीटीचा अर्जसुद्धा त्या १२ महिन्यांतच करायचा आणि त्याचेही पैसे लागतात, ते कुणी लायसन्स घेणार आहे की नाही हे कळल्याशिवाय माणूस भरणार कसे? त्या १२ मधले ११ यांनी ड्रॉवरमध्ये घालवले. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, साहेबांनी ड्रॉवर उघडल्यापासून नाही!

सहावं, करार झालाच तर एक्सक्लुझिव्ह द्या आणि दरवर्षीची किमान रॉयल्टी (शोध वापरल्याबद्दल कंपनी देते ते पैसे) मागू नका, हावरट दिसतं. मग ते तुमची वस्तू कपाटात ठेवतील, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, आणि तुम्ही पेटंट संपेपर्यंत कपाटाकडे बघत बसा.

सातवं, आणि धीर धरा. चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये पहिली कॉपी काढली, पुढची काही वर्षं वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं, १९४७ मध्ये हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने लायसन्स घेतलं, आणि आता आपण सगळे त्याला झेरॉक्स म्हणतो. धीर नसेल तर कोर्ट आहेच. रॉबर्ट कर्न्सने थांबत थांबत चालणारा वायपर केला, १९६७ मध्ये पेटंट मिळालं, १९७८ मध्ये फोर्डवर केस केली, ज्युरीचा निकाल १९९० मध्ये. बारा वर्षं. वायपरसाठी.

आता सरळच बोलतो, उपरोध पुरे. अहो कंपनीवाले, नाही म्हणा ना! नको असेल तर 'नको' एवढंच लिहा, दोन अक्षरं आहेत, आम्ही मरत नाही त्याने, दुसरीकडे जातो. वेबसाइटवर 'तुमच्या कल्पनांचं स्वागत आहे' असं मोठ्ठं लिहायचं आणि आत एकच माणूस बसवायचा आणि तो गेला की त्याच्या खुर्चीबरोबर आमचं वर्ष पण गेलं, ही कुठली पद्धत? पोच द्यायला काय जातं तुमचं?

आणि मी तरी काय मोठा शहाणा, एकाच दारात ११ महिने बसून राहिलो, कारण त्या दोन शब्दांनी हुरळलो होतो. यादीत आणखी सहा कंपन्या होत्या. त्या सहाही जणांना कालच पाठवलंय.

तुम्हाला मात्र सॅम्पल पुन्हा मिळणार नाही. शोध लावायचं काम मी केलंय, ते झाकण तुमच्याच ऑफिसात आहे, आता तुम्ही शोधा.