आफ्रिकान्समधला 'बद्रॉख' हा संस्कृत 'द्रोहा'चा अपभ्रंश नव्हे

दक्षिण आफ्रिकेतील, डचमधून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत 'फ्रॉड'साठी 'बद्रॉख' हा शब्द आहे. हा शब्द म्हणजे संस्कृत 'द्रोह' असून तो भारतातून केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या डच वसाहतीत, नेलेल्या गुलामांबरोबर तिथे पोहोचला, त्यातला 'ब' हा 'बेइमान'मधला 'बे' आहे आणि त्याचा अर्थ द्रोह किंवा चोरी असा होतो, अशा आशयाचा मजकूर मराठी वाचकांमध्ये बराच फिरत आहे. आपल्या भाषेचे नाते दूरवर सापडल्याचा आनंद मी समजू शकतो. परंतु ही तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे खरे नातेच झाकले जाते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून गुलाम केपमध्ये नेले, हा इतिहास खरा आहे. आशियाई शब्दही आफ्रिकान्समध्ये आहेत; केळ्यासाठीचा 'पीसांग' हा शब्द मलयमधून आलेला आहे. मात्र केपची डच वसाहत १६५२ ची, आणि 'बद्रॉख'चे मूळ असलेले डच क्रियापद त्याच्या कितीतरी आधी, मध्ययुगापासून डचमध्ये रुजलेले होते. जर्मनमधील 'बेट्रूक' हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि जर्मन भाषेला तो केपमधील गुलामांकडून मिळाला असे कोणी म्हणणार नाही.

तरीही ध्वनींचे साम्य योगायोगाचे नाही. फसवणे, असत्याने इजा करणे या अर्थाचा एक प्राचीन इंडो-युरोपीय धातू, म्हणजे संस्कृत, फारसी आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतला धातू, होता, ज्याच्या आरंभी 'ध' आणि अखेरीस 'घ' असे दोन महाप्राण, म्हणजे श्वासाच्या जोराने उच्चारले जाणारे वर्ण, होते. संस्कृतात असे दोन महाप्राण एका धातूत टिकत नाहीत, म्हणून पहिल्याचा 'द' झाला आणि 'द्रुह्' तयार झाला. डच, जर्मन, इंग्रजी यांच्या जर्मानिक शाखेत दोन्हींचे महाप्राणत्व गेले. ऋग्वेदातील 'द्रोघवाच्', म्हणजे खोटे बोलणारा, या शब्दात तो जुना 'घ' अजून ऐकू येतो. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तून शिलालेखातला असत्यवाचक 'द्रउग' हा याच कुळातला. म्हणजे 'द्रोह' हा 'बद्रॉख'चा बाप नसून दूरचा चुलतभाऊ आहे, आणि माझ्या मते हे नाते उसनवारीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

'बे'चा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. 'बेइमान'मधला 'बे' फारसी असून तो अभाव दाखवतो; 'बद्रॉख'मधला उपसर्ग जर्मानिक असून त्यात अभावाचा अर्थच नाही.

अर्थाबाबतची चूक मात्र अधिक गंभीर आहे. मराठीत 'द्रोह' निष्ठाभंगाकडे सरकला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तो त्यांच्या लेखांसाठी होता, कोणाला फसवल्याबद्दल नव्हे. आफ्रिकान्समध्ये देशद्रोहासाठी 'होअखफराट' आणि चोरीसाठी 'डीफस्टाल' असे स्वतंत्र शब्द आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या रोमन-डच परंपरेतील कायद्यात 'बद्रॉख' सिद्ध होण्यासाठी बेकायदेशीरपणे आणि हेतुपुरस्सर खोटे चित्र उभे केलेले असावे लागते आणि त्यातून दुसऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झालेले किंवा होऊ शकणारे असावे लागते. 'होऊ शकणारे' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एक पैसाही हातातून गेला नसला तरी गुन्हा घडतो.

याचे एक उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश शहराशी निगडित स्टाइनहॉफ ही कंपनी. तिच्या हिशेबांतले गैरप्रकार डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर आले. २०१९ च्या चौकशी अहवालात सुमारे ६.५ अब्ज युरोंचे काल्पनिक किंवा नियमबाह्य व्यवहार नोंदवले गेले. तिथे कोणी तिजोरी फोडली नव्हती. नफा आणि मालमत्ता होत्या त्याहून मोठ्या दाखवल्या होत्या. अशा प्रकाराला आफ्रिकान्समध्ये 'बूकहोबद्रॉख', म्हणजे हिशेबातली फसवणूक, म्हणतात. त्याला 'चोरी' म्हटले की नेमके काय केले गेले तेच हरवते.

शिवाय हा शब्द न्यायालयापुरता नाही. 'सेल्फबद्रॉख' म्हणजे स्वतःचीच समजूत घालत राहणे. तिथे 'आत्मद्रोह' बसत नाही, 'आत्मवंचना' बसते. त्याच मुळाचे क्रियापद 'बद्रीख', आणि 'स्केइन बद्रीख' या तिथल्या म्हणीचा शब्दशः अर्थ 'देखावा फसवतो'. मराठीत आपण त्याला 'दिसतं तसं नसतं' म्हणतो.