स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबई नक्की कुठे संपते, हा प्रश्न पहिला फ्लॅट घेणाऱ्याने कधी विचारू नये. महापालिकेच्या नकाशात ती दहिसरला आणि मुलुंडला संपते. ब्रोकरच्या नकाशात ती संपतच नाही. बदलापूरच्या पुढे वांगणीला जरा दम खाते आणि कर्जतच्या दिशेने पुन्हा चालू लागते. वाटेत भेटेल त्याचं बारसं करत जाते. वडाळ्याचं ‘न्यू कफ परेड’ झालं, लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ झालं, आणि भिवंडीजवळची शेतं एका सकाळी उठली ती ‘अप्पर ठाणे’ होऊनच. तेव्हा ‘टाऊनमध्ये (म्हणजे दक्षिण मुंबईत) घ्यावं की लांब?’ म्हणून तुम्ही डोकं धरून बसला असाल, तर आधी एवढं लक्षात घ्या की लांब असं आता काही शिल्लकच नाही.

तरीही निवड करायचीच असेल तर दोन्हीकडची कालगणना शिकून घ्या. लांबच्या घरांचा काळ ‘पाच मिनिटं’ या मापाने मोजतात, टाऊनमधल्या घरांचा ‘दोन वर्षं’ या मापाने. ही दोन मापं अंगवळणी पडली की कार्पेट, लोडिंग, फ्लोअर राइज वगैरे किरकोळ गोष्टी आपोआप समजतात. म्हणजे समजत नाहीत, पण विचारावंसं वाटत नाही.

आधी टाऊन बघू. टाऊन म्हणजे गिरगावच धरू. मलबार हिलचा विचार करायला वेगळं रक्त लागतं. गिरगावात नवे टॉवर आहेत. त्यांच्या सेल्स ऑफिसात अवश्य जा. तिथली मुलगी आधी तुमच्या बुटांकडे बघेल, मग पाणी विचारेल. पाणी छान गार असतं. ते पिऊन खाली या.

तुमच्या आवाक्यातलं टाऊन त्या टॉवरच्या सावलीत आहे: पागडीच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. पावणेदोनशे फूट, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. जिन्याशी टेकू लावलेले दिसतील, त्यांना घाबरू नका. टेकू इमारतीला आधार देतात हा गैरसमज आहे. इतक्या वर्षांत इमारतीनेच त्यांना धरून ठेवलेलं असतं.

या खोलीसाठी बँक कर्ज देत नाही, कारण तुम्ही मालक होतच नाही. तुम्ही होता भाडेकरू. लाखो रुपये मोजून भाडेकरू होण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पागडीतला, म्हणजे या लाखांतला, साधारण तिसरा हिस्सा घरमालक घेतो, बाकीची रक्कम जुना भाडेकरू घेऊन बोरिवलीला जातो, आणि तुमच्या हातात काहीशे रुपयांची भाडेपावती पडते. ती लॅमिनेट करून ठेवा.

पण गंमत खोलीत नाही, रिडेव्हलपमेंटमध्ये आहे. इमारत ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असली की भाडेकरूला नव्या इमारतीत किमान ३०० चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं, फुकट. कधी? दोन वर्षांत. १९९८ मध्येही दोन वर्षांतच होणार होतं, त्यामुळे या आकड्यावर निर्धास्त विसंबावं. इतकी स्थिर गोष्ट मुंबईत दुसरी नाही. मी पाहिलेल्या एका खोलीच्या शेजारच्या आजोबांनी नव्या घराचा प्लॅन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तेव्हा बिल्डर तिसरा चालू होता, प्लॅन पहिल्याचा होता. बाथरूमच्या चौकोनात त्यांनी निळ्या पेनाने ‘कमोड’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कपाट उघडताना ते आधी तो कागद सारखा करत आणि मग बनियन काढत.

आणि समजा, खरंच इमारत पाडायला घेतली, तर तोवर तुमची सोय ट्रान्झिट कॅम्पात. हे कॅम्प गोरेगावसारख्या ठिकाणी असतात. म्हणजे आयुष्यभराची पुंजी टाऊनमध्ये गुंतवून तुम्ही राहायला उपनगरात जाता. दोन्हींचा लाभ झाला!

आता लांबचं घर. यासाठी रविवार काढा. स्टेशनबाहेर बिल्डरची एसी गाडी उभी असते, फुकट. साइटवर गेल्यावर आधी चहा-सामोसा, मग एक सिनेमा. त्यात गोरी मुलं तुमच्या भावी क्लबहाऊसमध्ये टेनिस खेळतात. ही मुलं बदलापूरला नेमकी कुठे राहतात, हे मी स्टेशनवर पुष्कळ शोधलं.

त्यानंतर सॅम्पल फ्लॅट. इथे मात्र थोडं थांबा, कारण मराठी माणूस इतका खूश फक्त लग्नाच्या हॉलमध्ये आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये दिसतो. केवढं मोठं वाटतं! भिंतभर आरसा असतो, म्हणून हॉल दुप्पट दिसतो. खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडलं तर ते पलंगाला आपटेल. पलंगावर चुकूनही आडवे होऊ नका. तो खास बनवून घेतलेला असतो, त्यावर पाच फुटी माणूसही गुडघे दुमडून झोपेल. आमच्या बरोबरच्या एका काकूंनी पर्समधून शिवणकामाची टेप काढून स्वयंपाकाचा ओटा मोजायला घेतला, तर सेल्सचा पोरगा धावत आला. म्हणाला, ‘मॅडम, आधी व्ह्यू बघून घ्या.’ काकू म्हणाल्या, ‘व्ह्यूवर कुकर ठेवू का?’ अशा माणसांमुळे बांधकाम व्यवसायात मंदी येते. तुम्ही व्ह्यू बघा.

व्ह्यू नदीचा असतो. उल्हास नदी स्वभावाने अगत्यशील आहे, पावसाळ्यात ती स्वतः भेटायला येते. जुलै २०१९ मध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. इतका जवळून रिव्हर व्ह्यू टाऊनमध्ये नाही. तिथे नुसता समुद्र.

आता ती पाच मिनिटं. मी एकदा हट्टाने ती मोजायला बसलो. ब्रोकरने मला बाइकवर मागे घेतलं. रविवार, सकाळचे अकरा, रस्ता मोकळा. उलट्या बाजूने, एक सिग्नल सोडून, एका शाळेच्या मैदानातून आम्ही नऊ मिनिटांत स्टेशनला पोचलो. त्याने घड्याळ दाखवलं आणि हिशोब दिला: दोन मिनिटं गेटवर वॉचमनने घेतली ती धरायची नाहीत, दोन मिनिटं तुमच्या वजनाची. राहिली पाच. शिवाय कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो आली की तेवढीही लागणार नाहीत. ती सध्या कागदावर आहे, पण कागद उत्तम प्रतीचा आहे.

स्टेशनपासून पुढचं सोपं आहे. गाडीने जायला दीड तास, परत यायला दीड. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ९०० तास, म्हणजे साडेसदतीस दिवस. वीस वर्षांच्या कर्जात ७५० दिवस होतात. दोन वर्षांहून जास्त. (इथे टाऊन आणि उपनगर यांचं गणित जुळतं. दोन वर्षं तिकडेही, दोन वर्षं इकडेही.) हे दिवस वाया जातात असं समजू नका. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून झोपणं, बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीने परत येणं, या विद्या टाऊनवाल्याला सात जन्मांत येणार नाहीत.

पैशांचं एका परिच्छेदात आटपतो. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिन्याला साधारण ४३,४०० रुपये हप्ता आणि एकूण परतफेड १ कोटी ४ लाखांच्या घरात. घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत; सरकार आणि सासूबाई एका बाजूला असण्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे. ओसी (वापर परवाना) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही, पण त्यात थरार काय? बांधकाम चालू असलेलंच घ्या. भाडं आणि हप्ता एकत्र भरताना जो आत्मविश्वास येतो तो कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

कागदपत्रांवर वेळ घालवू नका. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे ना? झालं. कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून तोही मिळवला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. लोकांनी नंबर बघितला होता, हप्ते भरत होते, तुळशीही लावल्या होत्या. वकील मात्र केला नव्हता, कारण वकिलाची फी फार असते.

तर घ्या. यथावकाश ताबा मिळेल, पेढे वाटाल, आणि सोमवारी शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहून स्टेशनला पोचायला लागलेली सव्वीस मिनिटं निमूटपणे पोटात घालाल. ऑफिसात चहाच्या टपरीवर गिरगावचा सहकारी विचारेल, ‘काय रे, नवीन घर स्टेशनपासून किती लांब?’

‘पाच मिनिटं,’ तुम्ही सांगाल. ‘चालत.’

तो मान डोलावेल. मग तुम्ही विचाराल, ‘तुमच्या बिल्डिंगचं काय झालं?’

‘चाललंय,’ तो म्हणेल. ‘दोन वर्षांत होईल.’