चिपीच्या धावपट्टीवर गुरं चारा म्हणणाऱ्यांसाठी

आज शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने ज्ञान पाजळलं. "चिपी विमानतळ बंद करा आणि तिथे गुरं चारा." म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलं विमानतळ. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. हा गडी दहावीनंतर गावात दिसतो तो फक्त मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या न्यायला. चिपीचा सडा म्हणजे सगळा कातळ, तिथे गुरांना काय मिळणार, एवढंही विसरला. ग्रुपवर गप्प बसलो, पण डोकं काही शांत होईना, म्हणून इथे लिहितोय.

माझी आई मालवणजवळच्या गावात राहते, मी डोंबिवलीत. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर मुंबईचे. हायवेने दहा-बारा तास बसणं तिला जमत नाही. आणि तो हायवे! त्यावर लिहायला बसलो तर पोस्ट इथेच संपेल.

चिपीहून पहिल्यांदा तिला विमानात बसवलं तेव्हा व्हीलचेअर ढकलणारा पोरगा परुळ्याचा निघाला. "काकी, तुमचां माह्यार खयचां?" इथून सुरुवात झाली, आणि विमानाच्या पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत दोघांचं दूरचं नातं लागलं होतं! छोटं पंख्याचं विमान, चार पायऱ्या, कठड्याला धरून ती स्वतः चढली. मुंबईत उतरल्यावर म्हणाली, "बसलंय काय नि उतारलंय काय."

आता सांगा, गुरं चारू?

राग पुढाऱ्यांचाही येतो. 2018 च्या गणपतीआधी बाप्पाची मूर्ती घेऊन चाचणीचं विमान उतरवलं, फोटो काढले. माणसं घेऊन विमान उतरायला 9 ऑक्टोबर 2021 उजाडलं. त्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका मंचावर, आणि अख्खा महाराष्ट्र विमान सोडून त्यांची टोलेबाजी बघत बसला. नंतर कोकणचे जुने खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव विमानतळाला द्यायचं ठरलं. नाव मोठ्या माणसाचं, आनंदच आहे. पण 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमानच थांबलं, तेव्हा श्रेय घेणारे कुठे होते? छोट्या शहरांच्या विमानांना सरकारी अनुदान देणाऱ्या उडान योजनेचा तीन वर्षांचा टेकू संपला, विमान कंपनी निघून गेली. पुण्याचं विमान तोवर सुरू झालं होतं, चांगलंच झालं, पण आईचा डॉक्टर पुण्यात नाही ना!

थांबण्याआधीही काय सुख होतं म्हणा. एकदा आई नवी साडी नेसून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली, रिक्षा दारात, आणि मोबाईलवर मेसेज : आजचं विमान रद्द. कारण नाही, दिलगिरी नाही. शेजारच्या काकूंनी तिला परत आत नेऊन निजवलं. मी इकडे डोंबिवलीत नुसता चरफडत.

गोव्यातल्या मोपा विमानतळावर जा म्हणतात. बांदा-सावंतवाडीवाल्यांना मोपा जवळ आहे, हे कबूल. पण मालवण-देवगडहून त्या खुब्याने दीड-दोन तास किंवा जास्तच टॅक्सीत बसायचं, मग एवढ्या मोठ्या विमानतळात चालायचं. आईचा प्रश्न साधा होता, "माका गोंयात कित्याक नेतस? चिपीचां विमान खय गेलां?"

बरं, पावसाळ्यात सत्तर सीटचं विमान रोज भरत नाही, हेही कबूल. पण आमच्या गावात रात्री वस्तीला येणारी एसटी तरी कुठे भरायची? चार माणसं, एक मासळीची टोपली आणि पेपरचा गठ्ठा. तरी ती यायची, म्हणून तर आम्ही कॉलेजं केली. जिथे दुसरा धड रस्ता नाही तिथे गाडी पाठवणं सरकारचं काम आहे, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. विमानाचं नाव काढलं की मात्र लगेच चैन, श्रीमंतांचे लाड! माझी आई श्रीमंत नाही. अडीच हजारांच्या आसपासची सवलतीची सीट मिळाली तरच तिचं तिकीट काढायचो. गणपतीतले दर बघून मी फोन खाली ठेवायचो.

ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना विचारा कधी, धावपट्टी मोकळी बघून काय वाटतं ते. अडीच किलोमीटरची आहे.

मागणी एकच : मुंबईचं विमान, रोज, ठरल्या वेळेला, आणि टेकू तीन वर्षांनी काढायचा नाही. पर्यटक आले तर आनंद, नाही आले तरी विमान आलं पाहिजे.

आणि कमेंटमध्ये वंदे भारत कणकवलीला थांबते हे सांगायला येऊ नका. माहीत आहे. आईला ती गाडी आवडते पण. गणपतीआधीचं तिकीट कोणी काढून देणार असेल तर इनबॉक्स करा.