चिठ्ठीवर प्रश्न विचारणं हे आमचं कामच आहे

या आठवड्यात कोल्हापुरातल्या तीन-चार ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: ‘चिठ्ठी डॉक्टरची, पैसे आपले. मेडिकलवाल्यानं गोळ्या द्याव्यात, चौकशा करू नयेत. पेनकिलर साधी गोळी, कुणालाही चालते. प्रश्न विचारतो तो माल बदलायला.’ मी फार्मासिस्ट, राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये रोज काउंटरला उभा असतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘चौकशा करू नयेत.’ नियम नेमका उलटा आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे चिठ्ठी तपासणं, शंका आली तर ती लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारणं आणि औषध कसं घ्यायचं ते पेशंटला समजावणं ही फार्मासिस्टची जबाबदारी आहे. ट्रॅमाडॉल ही जोरदार पेनकिलर तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ती देताना डॉक्टर, पेशंट आणि गोळ्यांची संख्या रजिस्टरात लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

‘कुणालाही चालते.’ इथं मला जास्त बोलायचंय, कारण माणसं इथंच अडचणीत येतात. करवीर तालुक्यातल्या एक काकी गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली असिक्लोफिनॅक घेत होत्या. त्याच आठवड्यात दाढ दुखली, दातांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक लिहिली. दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नव्हता. नावं वेगळी, पण गोळ्या एकाच जातीच्या. पिशवीत बीपीची गोळीही होती, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली. त्यावर या पेनकिलर पडल्या की मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त कमी होतं. वय झालेलं, त्यात उन्हात राबून अंगातलं पाणी आटलेलं, मग धोका आणखी वाढतो.

“काकी, पाय सुजतात का?”

“सुजत्यात की. गुडघ्याचंच आसंल म्हटलं.”

त्यांनी घोट्याजवळ बोट दाबून दाखवलं. खळगा तसाच राहिला. मी दोन्ही डॉक्टरांना फोन लावले. दातांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक काढून पॅरासिटामॉल दिली. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बंद करून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला सांगितलं. दोघांनाही फोनचा राग आला नाही.

इंग्लंडमध्ये ७२ दवाखान्यांत फार्मासिस्टच्या अशा कामाची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. तिथले फार्मासिस्ट दुकानात नव्हे, डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन काम करत होते, हा फरक आहे. पण त्यांच्या मदतीनं, अल्सर होऊन गेलेल्या पेशंटला पोट सांभाळणाऱ्या गोळीशिवाय पेनकिलर लिहिली जाण्याचं प्रमाण घटलं.

‘माल बदलायला.’ डॉक्टरांच्या संमतीशिवाय चिठ्ठीतलं औषध बदलायची आम्हाला परवानगीच नाही. तरी हा संशय उगाच आलेला नाही. काही दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि माणूस जागेवर नसतो. अंगदुखी म्हटलं की चिठ्ठी न बघता डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या कापून हातात. आमच्याच धंद्यातली ही चूक आहे आणि मला तिची लाज वाटते. पण अशा दुकानात तुम्हाला कुणी प्रश्न विचारत नाही.

काकी परवा पुन्हा आल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी पिशवीतल्या सगळ्या चिठ्ठ्या, अगदी नातवाच्या खोकल्याचीसुद्धा, काउंटरवर मांडल्या.